चंगळ नेहमी दुसऱ्याची

आमच्या घरात ‘चंगळ’ या शब्दाला फार मान होता. देवाचं नाव दिवसातून दोनदा निघायचं, चंगळ दहादा. वरणावर तुपाचा दुसरा चमचा पडला की चंगळ. खोलीत कोणी नसताना दिवा जळला की चंगळ, आणि कोणी असताना जळला तरी चंगळच, कारण त्या माणसानं एव्हाना झोपायला हवं होतं. न्हाणीत ऊन पाण्याची दुसरी बादली, डोक्याखाली दुसरी उशी, चहात आल्याचा तुकडा, सगळं त्याच एका शब्दात बसायचं. एकदा मला लागोपाठ चार शिंका आल्या, तेव्हा बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून माझ्याकडे असं पाहिलं, की पाचवी मी मुकाट गिळली.

बाबा सरकारी कचेरीत मोठे कारकून होते. जबलपूरला कमानिया गेटजवळच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि रस्त्यावर डोकावणारी अरुंद गॅलरी एवढं आमचं बिऱ्हाड. खाली दिवसभर हिंदी चालायची. हातगाडीवाल्यांचं ‘बचना भैया’, सायकलींच्या घंट्या, कल्हईवाल्याची आरोळी, समोरच्या हलवायाच्या कढईवर आपटणारा झारा. वर मात्र बाबांचं मराठी आणि त्यातला तो लाडका शब्द. त्या हलवायाकडे सकाळी जिलबी तळली जायची आणि तिचा वास जिन्यानं सरळ आमच्या घरात यायचा. वास फुकट असूनही बाबा खिडकी लावून घ्यायचे. सकाळी पोळी, वरण, एक भाजी. संध्याकाळी तीच भाजी थोडं पाणी घालून. आई त्यात चिमूटभर जिऱ्याची पूड टाकून तिला नवीन करायची आणि आम्ही ती नवीन समजून खायचो.

परवा माझी नात फोनवर म्हणाली, “आजी, चंगळ मतलब पार्टी ना?” तिला मराठी सगळं कळतं, बोलायला मात्र हिंदी बरी पडते. मी म्हटलं, नाही गं बाई, पार्टीला निदान बोलावणं तरी असतं. फोन ठेवला आणि मग बसले विचार करत. भरपूरपणासाठी मराठीत शब्दांचा काही तोटा नाही. रेलचेल असते ती वस्तूंची. बाजारात मटारची रेलचेल झाली तर त्यात कुणाचा दोष नसतो. थाट असतो तो बघणाऱ्यांसाठी, आणि बघणारेही चार बरे शब्द बोलून जातात. उधळपट्टी पैशाची. चंगळ मात्र माणसाची असते, आणि बहुतेक करून समोरच्या माणसाची. ‘चंगळ आहे बुवा तुमची’ म्हणणारा तोंडानं हसतो आणि मनात तुमच्या ताटातले लाडू मोजतो. लहान पोरं तेवढी ‘आज आमची चंगळ’ म्हणून नाचतात, कारण त्यांना अजून कोणी लाजायला शिकवलेलं नसतं. बाबांनी उभ्या आयुष्यात हा शब्द स्वतःसाठी वापरला नाही. त्यांनी स्वतःसाठी घेतलं ती गरज, पाहुण्यांसाठी केलं तो मान, देवासाठी केलं ती परंपरा, आणि आईनं मागितलं ती चंगळ. इतकी सोपी वाटणी होती.

बाबांकडे चष्मे दोन होते. एक कचेरीचा, एक घरचा. दोन्ही अर्थातच गरजेचे.

आईला जवळचं दिसेनासं झालं तेव्हा मी अकराएक वर्षांची असेन. लांबचं तिला लख्ख दिसे. गल्लीच्या तोंडाशी बाबांची टोपी वळली की ती गॅलरीतूनच ओळखायची आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवायची. हातातलं मात्र दिसत नसे. सुईत दोरा मी ओवायची. तांदळातले खडे ती बोटांनी शोधायची आणि बोटांना सगळेच खडे सापडत नसत. बाबांच्या दाताखाली एखादा आला की जेवण थांबायचं. तो खडा ताटाच्या कडेला काढून ठेवला जायचा आणि आम्ही दोघी त्या खड्याकडे बघत बसायचो. आई चौथी शिकलेली होती, रोज पोथी वाचायची. हळूहळू ती पोथी हात लांब करून धरू लागली. मग हातही पुरेनात, तेव्हा पोथी बासनात गेली. एके दिवशी वाढता वाढता तिनं बाबांना सांगितलं, की मला चष्मा लागेल असं वाटतं. बाबा म्हणाले, तुला कुठं फायली तपासायच्या आहेत? पोळ्या काय चष्मा लावून लाटतात? आणि मग तो शब्द. वर्षभरानं तिनं पुन्हा एकदा विषय काढला. तेव्हा त्यांनी तोही शब्द वापरला नाही. नुसता आपला चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत लावला.

पण बाई हुशार. तिनं सगळं स्वयंपाकघर हातांना पाठ करून टाकलं. चुलीच्या डाव्या अंगाला काठ फुटलेलं मातीचं मडकं, त्यात खडेमीठ. उजवीकडे फळीवर खालून दुसरा, पोचा पडलेला डबा साखरेचा. तिखटाच्या डब्याचं झाकण सैल, हळदीच्या डब्याचं घट्ट. ती तिकडे न बघता हात घालायची आणि बरोबर तेच हाताला यायचं. तिचं एक बोटही चुकत नव्हतं, त्यामुळे तिला दिसत नाही हे बाबांना कळायचं काही कारण नव्हतं. मला कळत होतं. मी ते कधी बाबांना ठणकावून सांगितलं नाही, याची लाज मला आज या वयातही वाटते. तेव्हा मला वाटायचं, की आयांना दिसत नाहीसं होतंच.

राज्यांच्या हद्दी नव्यानं आखल्या गेल्या तेव्हा नागपूर मराठी मुलखात गेलं आणि आम्ही हिंदी मुलखात राहिलो. बाबांचे मोठे चुलतभाऊ, म्हणजे आमचे नागपूरचे काका, हेही सरकारी नोकरीतच. त्यांनी वेळेवर अर्ज करून नागपूर पकडलं. बाबांनी केला नाही. का केला नाही, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि काकांनी त्यांना ते कधी विसरू दिलं नाही. काकांच्या दर पत्रात एक वाक्य ठरलेलं असायचं, तिकडे मराठी बोलता नं अजून? त्या वर्षी त्यांनी लिहिलं, की यंदा महालक्ष्म्यांना तुमच्याकडे यावं म्हणतो. तुम्ही अजून बसवता नं?

झालं. विदर्भाकडच्या आम्हा लोकांत भाद्रपदात ज्या गौरी येतात, त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. तीन दिवस माहेरपण, दुसऱ्या दिवशी मोठं जेवण. सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, पुरणपोळी, आणि वरून टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा. आमच्याकडे त्या दरवर्षी येत, पण बाबांच्या धोरणानं येत. सोळा भाज्या म्हणजे सोळा भाज्यांचा एकेक तुकडा. त्या पत्रानंतर मात्र बाबांच्या अंगात आलं. भाज्या सोळाच्या एकवीस झाल्या. चटण्या सात, कोशिंबिरी पाच. पुरणपोळीवर वाटी वाटी तूप. आईनं हळूच आठवण करून दिली, की महालक्ष्म्यांपुढे एकदा वाढवलं ते पुढच्या वर्षी कमी करता येत नाही, वहिवाट पडते. बाबा म्हणाले, पडू दे. ज्या माणसानं चहातलं आलं बंद केलं, तो माणूस दोन हातगाड्या भरून सामान आणत होता आणि जिन्यात उभं राहून ओरडत होता, “सांभाळून भैया, मेहमान आ रहे हैं.” खालच्या हलवायानंही बाहेर येऊन पाहिलं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण बाबांच्या लक्षात आलं, की नागपूरच्या काकू स्वयंपाकघरातही येणार. त्यांनी एका रविवारी फुटक्या काठाचं मडकं आणि पोचे पडलेले डबे उचलून मागच्या जिन्याखाली टाकले, आणि पितळेचे बारा नवे डबे आणले. सगळे एका मापाचे, सगळ्यांना एकच कडी, सगळे चकचकीत. काळपट खडेमिठाच्या जागी दळलेलं पांढरंशुभ्र मीठ आलं. आणि प्रत्येक डब्यावर बाबांनी स्वतःच्या मोत्यासारख्या बारीक कारकुनी अक्षरात चिठ्ठी लिहून डकवली. आई म्हणाली, मला यात काही सापडणार नाही. बाबा म्हणाले, लिहिलेलं आहे नं, वाचून घेत जा.

काका-काकू आले. काका जाडेजुडे, बोलायला गोड. काकू बारीक, कमी बोलणाऱ्या, नाकावर चष्मा. जेवणाच्या दिवशी आई पहाटेपासून सोवळ्यात. सोवळ्यात असलेल्या माणसाला आम्ही शिवायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, म्हणून मी उंबऱ्याशी बसून नुसती बघत होते. आणि महालक्ष्म्यांचा नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही. चाखणं तर राहोच, वास घ्यायचीही चोरी. आमच्याकडे पुरणात निम्मा गूळ आणि निम्मी साखर असते. गूळ परातीत समोरच होता. साखरेसाठी आईनं फळीवरचा एक डबा उतरवला, झाकणाजवळ तोंड नेलं, डबा लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग ती क्षणभर थांबली. तिला मागून कोणी तरी विचारलं, झालं का? तिनं वाटी बुडवली आणि दोन वाट्या पुरणात घातल्या.

पहिली पंगत बसली. काका पाटावर मधोमध, बाकी कचेरीतली आणि ओळखीची मराठी मंडळी. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. यजमान सगळ्यांत शेवटी जेवतो, तेव्हा बाबा सोवळं नेसून वाढत होते. काकांनी पोळी तुपात बुडवून मोठा घास घेतला आणि त्यांचे डोळे जागच्या जागी थांबले. त्यांनी डावीकडे पाहिलं. डावीकडच्या गृहस्थांनी उजवीकडे पाहिलं. तीच नजर सबंध पंगतीतून सरकत गेली. पण प्रसादाला नाव ठेवायचं नाही आणि पानात काही टाकायचं नाही, हे बाळकडू प्रत्येकाला पाजलेलं. काकांनी तो घास गिळला. बाबांना वाटलं, भारावले. ते पुढे झाले आणि काकांच्या पानात आणखी एक पोळी घातली.

“दादा, संकोच करू नका. जबलपूरला कशाची कमी नाही.”

“नाही नं,” काका म्हणाले. “कमी नाहीच.”

आग्रह हा आमच्या लोकांचा मोठा शौर्याचा प्रांत आहे. नको म्हणणाऱ्याच्या पानात घालणं ही वाढणाऱ्याची कीर्ती. बाबांनी त्या दिवशी कीर्तीचं शिखर गाठलं. ज्यानं पानावर आडवा हात धरला त्याच्या हाताखालून पोळी सरकवली. एक गृहस्थ, मधुमेह आहे म्हणाले, तर बाबा म्हणाले, आजच्या दिवशी गोडानं काही होत नाही. त्या बापड्यानं बाबांकडे पाहिलं ते मी विसरले नाही. मी पाणी वाढत होते. कळशी संपली, दुसरी संपली, तिसरी खालच्या हलवायाकडून भरून आणली. बायकांच्या पंगतीतही तेच. काकूंनी एक घास खाल्ला, चष्म्यातून आईकडे पाहिलं, आणि एक अक्षर न बोलता पोळी शेवटपर्यंत संपवली. मला त्यांच्याबद्दल तेव्हापासून माया वाटते.

(हसतेय मी लिहिताना, पण माझंही काही निराळं नाही. मध्यंतरी जबलपूरच्याच गोरखपूर भागातल्या आमच्या घरी सुनेनं पाय चेपायचं यंत्र आणलं. शब्द माझ्या अगदी जिभेवर आला होता. ते यंत्र तिनं माझ्या गुडघ्यांसाठी आणलं होतं, हे नंतर कळलं. तोवर तोंडातून अर्धा शब्द गेलाच होता.)

शेवटी बाबा पानावर बसले. काका पुढच्या खोलीत लोडाला टेकून विडा चघळत होते, बाकीची मंडळीही अजून होती. बाबांनी चित्रावती घातली, घास घेतला आणि चावायचे थांबले. त्यांनी आपण वाढलेली सगळी पानं मनातल्या मनात आठवली असावीत, कारण त्यांचे कान आधी लाल झाले आणि मग तोंड. ते पानावरून उठले नाहीत, तेवढी रीत त्यांनी पाळली. पण आवाज असा लावला, की पुढच्या खोलीतली बोलणी तुटली.

“डोळे फुटले होते काय तुझे?”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बायका अशा वेळी जे करतात, ते तिनं केलं नाही. मान खाली घातली नाही, पदर तोंडाला लावला नाही.

“हो,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली. तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. तुम्ही चंगळ म्हणाले.”

आई त्याच आवाजात पुढे म्हणाली, की माझं मडकं काहून काढलं ते मी विचारलं नाही. पण तुम्ही चिठ्ठ्या लावल्या त्यातला मला नुसता कागद दिसून राहिला, अक्षर दिसत नाही. देवीच्या नैवेद्यात मीठ पडलं ते माझ्या हातानं पडलं, त्याचं मला फार वाईट वाटतं. आणि मग ती रडली. मला रडू आलं आणि, खरं सांगते, आनंदही झाला. इतकी वर्षं त्या घरात तो शब्द एकच माणूस वापरत होता. पहिल्यांदा तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून बाबांच्या कानावर गेला होता.

काकू उठल्या. त्यांनी आपला चष्मा काढला, पदरानं पुसला आणि आईच्या नाकावर बसवला. आईनं डोळे पुसले, फळीकडे गेली आणि एक चिठ्ठी मोठ्यांदा वाचली, “मीठ.” शेजारची वाचली, “साखर.” मग तिला थांबवेना. तिनं बारा डब्यांची अख्खी रांग वाचून काढली, त्यात बाबांनी लिहिलेली ‘हरभरा डाळ (पाहुण्यांची)’ आणि ‘हरभरा डाळ (रोजची)’ हीसुद्धा. पुढच्या खोलीत काका पोट धरून हसायला लागले, आणि त्यांच्या मागून एकेक करून सगळी मंडळी.

बाबांनी घाईघाईनं आपोष्णी घेतली आणि हात न धुताच सगळ्यांदेखत जाहीर केलं, की उद्याच्या उद्या हिला चष्मा आणतो, सोन्याच्या काडीचा आणतो. आई म्हणाली, “साधा आणा. पण उद्याच आणा.”

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांची पाठवणी झाली, काका-काकू गाडीत बसले, आणि परतीच्या वाटेवरच बाबा आम्हाला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं भिंतीवरच्या आरशापाशी आईला बसवलं, हातात हिंदी अक्षरांचा पुठ्ठा दिला आणि एकामागून एक काचा बदलल्या. एका काचेला आई वाचायला लागली. तिसऱ्या ओळीला तो म्हणाला, बस बहनजी, हो गया. आई थांबली नाही. ती तळाच्या अगदी बारीक ओळीपर्यंत गेली, मग पुठ्ठा उलटून मागे छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. बाबा सोन्याच्या काड्या बघत होते. तिनं काळी, जाडी, सगळ्यांत साधी चौकट उचलली, तिथंच तिच्यात काचा बसवून घेतल्या आणि तीच लावून बाहेर पडली. रस्ताभर ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. बांगड्यांजवळ भाजल्याचे तीन डाग होते, ते मला दाखवून तिनं विचारलं, हे कधीचे गं?

तुम्हाला वाटेल, बाबा शहाणे झाले. छे. त्यांनी एवढंच केलं, की आईच्या चष्म्याची जागा बदलली. तो चंगळीतून निघाला आणि थाटात जाऊन बसला. घरी कोणीही आलं की बाबा म्हणायचे, आमच्याकडे बायकांनासुद्धा चष्मा आहे बरं. मग आत हाक जायची, अगं, जरा चष्मा लावून बाहेर ये. आई पहिल्यांदा आली. दुसऱ्यांदाही आली. पाहुणे तिच्या नाकाकडे बघायचे आणि बाबा पाहुण्यांकडे.

तिसऱ्यांदा आले ते बाबांचे साहेब, बायकोसह. हिंदी बोलणारी मोठी माणसं, पहिल्यांदाच आमच्या घरी. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. साहेबांना ऐकवून झालं, “हमारे यहाँ तो घरवाली भी चश्मा लगाती है,” आणि आत हाक गेली, “अगं, चष्मा लावून ये. साहेबांना दाखव.” आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. नाकावर काही नव्हतं. तिनं ट्रे ठेवला, बाबांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “तो पाहायसाठी आणला आहे, दाखवायसाठी नाही.” मग पाहुण्यांना कळावं म्हणून तेच हिंदीत सांगितलं, “देखने के लिए है जी, दिखाने के लिए नहीं.”

साहेबांच्या बायको सगळ्यांत आधी हसल्या. मग साहेब हसले. बाबा सगळ्यांत शेवटी हसले, आणि तेही साहेब हसले म्हणून.